मशीन बंद पडलं तर आधी कोणाची लाईट?

सकाळी सव्वासातला आमच्या फिजिसिस्टचा फोन आला की माझ्या पोटात गोळा येतो. त्या वेळी तो मशीनच्या खोलीत सकाळच्या तपासण्या करत असतो आणि सगळं ठीक असेल तर मला फोन करायचं त्याला कारणच नसतं. जूनमधल्या एका मंगळवारी तो फोन आला. "मॅडम, एमएलसीच्या दोन लीफ अडकल्यात. मोटर गेलीय. इंजिनिअर निघालाय, पण पार्ट उद्या दुपारशिवाय येत नाही."

किरणोपचाराच्या मशीनच्या तोंडाशी टंगस्टनच्या पातळ पट्ट्यांच्या समोरासमोर दोन रांगा असतात. प्रत्येक पट्टीला स्वतःची छोटी मोटर. पट्ट्या पुढेमागे सरकतात आणि किरणांच्या झोताला गाठीचा आकार देतात, म्हणजे किरण गाठीवर पडतात आणि शेजारच्या लाळग्रंथी, आतडं, मज्जारज्जू शक्य तितके वाचतात. याला एमएलसी म्हणतात. दोन पट्ट्या अडकल्या की मशीन सुरूच होत नाही, आणि होऊही नये.

त्या दिवशीच्या यादीत ६२ नावं होती. त्यातली कित्येक माणसं पहाटेच्या एसटीने निघाली होती, कोणी धर्मशाळेतून चालत येत होतं. आठ वाजता बाहेरची बाकडी भरणार होती.

मी रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्ट आहे, म्हणजे किरणांनी कर्करोगावर उपचार करणारी डॉक्टर, आणि एका जिल्ह्याच्या ठिकाणच्या रुग्णालयात हा विभाग सांभाळते. नातेवाईक विचारतात, कधी दुसऱ्या शाखेतले डॉक्टरही विचारतात, की सगळं कॉम्प्युटरवर चालतं, मग प्रमुख डॉक्टरचं काम काय? त्या मंगळवारचा हात धरूनच सांगते.

लाईट, शेक, करंट

आमच्याकडे येणारी माणसं 'रेडिएशन' फारसं म्हणत नाहीत. 'शेक' म्हणतात, 'करंट' म्हणतात, आणि सगळ्यात जास्त 'लाईट' म्हणतात. "माझ्या पंचवीस लाईट झाल्या, आठ राहिल्या." शेक म्हटलं की भाजेल अशी भीती वाटते, म्हणून मी लाईट हाच शब्द वापरते. मशीन सुरू असताना रुग्णाला काहीच जाणवत नाही. गरम नाही, दुखत नाही. टेबलावर निश्चल पडून राहायचं आणि मशीन भोवती फिरतं, इतकंच.

किरणांची मात्रा 'ग्रे' या एककात मोजतात. तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगाला साधारण ६६ ते ७० ग्रे लागतात, आणि ते ३३ ते ३५ लाईटमध्ये, रोज दोन-दोन ग्रे असे देतात. सगळं एकदम का नाही देत? कारण किरण पेशीच्या डीएनएला मारतात, आणि तो मार चांगल्या पेशींनाही बसतो. चांगली पेशी मात्र काही तासांत स्वतःची डागडुजी बऱ्यापैकी करून घेते. कर्करोगाच्या पेशीला ती तितकी जमत नाही. रोज थोडं थोडं दिलं की हा फरक साठत जातो, आणि त्याच फरकावर आमचं सगळं शास्त्र उभं आहे.

पण याला दुसरी बाजू आहे, आणि विभाग चालवणाऱ्याची झोप तिच्यामुळे उडते. साधारण चौथ्या आठवड्यानंतर, घशाच्या कर्करोगासारख्या काही कर्करोगांमधल्या उरलेल्या पेशी आधीपेक्षा जास्त वेगाने वाढू लागतात. शेतात अर्धी काढलेली हरळी पावसानंतर कशी जोर धरते, तसं. त्या काळात एक दिवस वाया गेला तर त्या दिवसाच्या वाढीलाच सुमारे ०.६ ग्रे खर्ची पडतात. दिलेल्या दोन ग्रेमधला जवळजवळ तिसरा हिस्सा. उपचार लांबण्याच्या प्रत्येक दिवसामागे रोग आटोक्यात राहण्याची शक्यता साधारण एक टक्क्याने घटते असा या कर्करोगांमधला हिशोब आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात बाहेरून दिलेल्या लाईट आणि आतून दिलेले किरण मिळून सगळा उपचार ५६ दिवसांत संपावा, हे जगभर मान्य झालेलं आहे.

म्हणून मशीन बंद पडणं म्हणजे 'आज गैरसोय, उद्या या' असं नसतं. काही लोकांसाठी ते औषध अर्धवट सोडण्यासारखं असतं. कोणासाठी तसं आहे आणि कोणासाठी नाही, हे ठरवायला डॉक्टर लागतो.

तीन ढीग

साडेसातला मी पोहोचले तेव्हा आमच्या मुख्य टेक्नॉलॉजिस्ट ताईंनी फायली टेबलावर आणून ठेवल्या होत्या. आम्ही तीन ढीग केले. ही पद्धत आमची नाही, ब्रिटनच्या रेडिऑलॉजिस्ट डॉक्टरांच्या संस्थेने ती आधीच नीट लिहून ठेवली आहे, आणि मला ती या विषयातल्या सगळ्यात उपयोगी कागदांपैकी एक वाटते.

पहिल्या ढिगात झपाट्याने वाढणारे आणि बरे करता येण्यासारखे कर्करोग: तोंड, घसा, गर्भाशयमुख, अन्ननलिका. यांचा एकूण काळ लांबता कामा नये. त्या दिवशी अशा २७ फायली होत्या. दुसऱ्यात सावकाश वाढणारे, उदाहरणार्थ स्तनाचा किंवा प्रोस्टेटचा: २४. एक-दोन दिवस इकडेतिकडे झाले तरी यांचं नुकसान फार कमी. तिसऱ्यात त्रास कमी करण्यासाठी दिलेला उपचार, हाडात पसरलेल्या कर्करोगाच्या वेदनेसारखा: ११.

इथे थांबून एक सांगायला हवं. तिसरा ढीग म्हणजे 'शेवटी बघू' असा नाही. त्या ११ जणांत एक गृहस्थ होते. मणक्यातल्या गाठीने मज्जारज्जू दाबला जात होता आणि दोन दिवसांपासून त्यांच्या पायांतली ताकद कमी होत होती. ते बरे होणार नव्हते, पण त्या दिवशी उपचार मिळाला नसता तर उरलेले महिने त्यांनी अंथरुणात काढले असते. त्यांना मी सगळ्यांच्या वर ठेवलं. साधा सरळ झोत, हाताने केलेला हिशोब, दुसऱ्याने तपासलेला, आणि साडेदहाला जुन्या मशीनवर ८ ग्रेची एकच लाईट. नियम ढीग करायला शिकवतो. एखादी फाइल त्यातून बाहेर काढायची, तर रुग्णाला पाहावं लागतं.

जुनं मशीन होतं, मग बाकीच्यांनाही तिथेच का नाही पाठवलं? हा प्रश्न त्या दिवशी मला निदान चाळीस जणांनी विचारला. कारण दोन मशीन म्हणजे दोन एसटी बस नव्हेत, की या गाडीचे प्रवासी त्या गाडीत बसवले. जुन्या मशीनच्या पट्ट्या जाड आहेत, झोताचे गुण वेगळे आहेत. दोन मशीन आधीपासून तंतोतंत जुळवून घेतलेली असली तरच एकीचा प्लॅन दुसरीवर चालतो. आमची नव्हती. प्रत्येकासाठी प्लॅन नव्याने करायचा, तो तपासायचा, मग द्यायचा. दिवसभरात नऊ जणांचं होईल असं फिजिसिस्टने सांगितलं. मी दहावं नाव पुढे केलं तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, दहावा केला तर तपासायला वेळ उरणार नाही." मी नाव मागे घेतलं.

ते नऊ कोण? २७ मधले, चौथा आठवडा उलटलेले, आणि उरलेल्या दिवसांत भरपाईला जागा नसलेले. ज्यांची जागा होती, त्यांची पुढे भरपाई करायची: शनिवारी बोलावून, किंवा एका दिवसात दोन लाईट देऊन. दोनमध्ये किमान सहा तास हवेत, कारण चांगल्या पेशींच्या डागडुजीला तेवढा वेळ द्यावाच लागतो.

मग फोन सुरू झाले. एका नगरसेवकांचा आला, स्तनाच्या कर्करोगाच्या त्यांच्या एका नातेवाईकबाईंना 'आधी घ्या' म्हणून. त्या बाई माझ्याच पेशंट, मीच त्यांना पहिल्या दिवसापासून पाहतेय. मी त्यांना स्वतः समजावलं की तुम्हाला दोन दिवसांनी काही धोका नाही, त्या समोर बसलेल्या काकांना आहे. त्या उठून घरी गेल्या, रागावल्या नाहीत. पण इथेच डॉक्टर असणं आणि विभागप्रमुख असणं वेगळं होतं. डॉक्टर म्हणून समोरचा पेशंट माझा असतो. प्रमुख म्हणून बाकड्यावरचे सगळेच माझे, मी ज्यांचं नावही ऐकलेलं नाही तेसुद्धा.

थांबवण्याचा अधिकार

आता विभागाची रचना. एका लाईटमागे निदान चार प्रकारची माणसं असतात. डॉक्टर सीटी स्कॅनच्या एकेका चित्रावर गाठ आणि जपायचे अवयव रेखाटतो, याला कंटूरिंग म्हणतात. किती ग्रे, किती दिवसांत, तेही तोच ठरवतो. मेडिकल फिजिसिस्ट ती मात्रा नेमकी तिथेच कशी पोहोचेल याचं गणित करतो आणि मशीन सांगितलं तेवढंच देतं ना, हे मोजतो. टेक्नॉलॉजिस्ट रुग्णाला रोज त्याच जागी, त्याच स्थितीत, काही मिलिमीटरच्या फरकात झोपवतो आणि लाईट देतो. नर्स तोंडातले फोड, कातडीची आग, घटणारं वजन सांभाळते. यातलं कंटूरिंग मला येतं. फिजिसिस्टचं गणित मला समजतं, पण करता येत नाही. प्रमुखाने हे स्वतःशी कबूल केलेलं असावं लागतं.

कायद्यानेही ते ओळखलं आहे. आपल्या देशात अणुऊर्जा नियामक मंडळाच्या परवान्याशिवाय असं मशीन चालवता येत नाही. १९८३ मध्ये स्थापन झालेलं हे मंडळ मुंबईत अणुशक्तीनगरला आहे. प्रत्येक विभागात मंडळाने मान्य केलेला रेडिऑलॉजिकल सेफ्टी ऑफिसर लागतो, आणि तो बहुतेक वेळा फिजिसिस्टच असतो. पदाने तो माझ्या हाताखाली, पण सुरक्षेच्या बाबतीत त्याने 'नाही' म्हटलं तर माझं 'हो' चालत नाही. काही प्रमुखांना हे टोचतं. मला हा या व्यवस्थेतला सगळ्यात शहाणा भाग वाटतो.

का, ते पनामाच्या गोष्टीवरून कळेल. २००० सालच्या उत्तरार्धात पनामा शहरातल्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत ओटीपोटाच्या उपचारात चांगला भाग झाकण्यासाठी शिशाचे ठोकळे वापरत. प्लॅनिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये चार ठोकळ्यांपर्यंतच माहिती भरता येई. डॉक्टरांना पाचवा हवा होता. म्हणून सगळे ठोकळे मिळून एकच आहे अशा रीतीने आकडे भरायची युक्ती काढली गेली. सॉफ्टवेअरने तक्रार केली नाही, पण वेळेचा हिशोब चुकला आणि काही रुग्णांना ठरलेल्याच्या जवळजवळ दुप्पट मात्रा मिळाली. एकूण २८ रुग्ण. त्यातले काही त्यामुळेच दगावले.

मला यातली एक गोष्ट सतत आठवते. तिथल्या डॉक्टरांना वर्षअखेरीसच दिसलं होतं की काही रुग्णांचे जुलाब नेहमीपेक्षा फार लांबले आहेत. त्यांनी विचारणा केली, फायली पाहिल्या गेल्या, चूक सापडली नाही, उपचार चालू राहिले. चूक हाती लागली ती थेट २००१ च्या मार्चमध्ये. कागद-पेन्सिलीने एकदा वेळ मोजली असती तर पहिल्याच रुग्णाला कळलं असतं.

फ्रान्सच्या एपिनालमध्ये २००४-०५ मध्ये प्रोस्टेटच्या निदान २३ रुग्णांना जास्त मात्रा गेली. तिथे पद्धत बदलली होती, नव्या पद्धतीची माहितीपुस्तिका फ्रेंचमध्ये नव्हती, आणि नव्या पद्धतीला जुनी स्वतंत्र पडताळणी लागू पडत नाही म्हणून ती बंद केली गेली होती. दोन्हीकडे मशीन अगदी ठणठणीत होतं.

म्हणून आमच्याकडे दर प्लॅनची मात्रा दुसऱ्या, स्वतंत्र मार्गाने मोजली जाते. रोज सकाळी पहिल्या रुग्णाआधी मशीनची मात्रा तपासली जाते. ३ टक्क्यांच्या पलीकडे फरक गेला तर काम सुरू होत नाही. दर गुरुवारी सगळ्यांचं कंटूरिंग भिंतीवरच्या पडद्यावर लावतो, माझंही. मागच्या वर्षी एका निवासी डॉक्टरने सगळ्यांसमोर दाखवलं, की घशाच्या एका रुग्णात मी मानेतल्या गाठींचा एक पट्टा रेखाटायचा सोडला आहे. त्याचा आवाज थरथरत होता. उपचार दुसऱ्या दिवशी सुरू होणार होते. मी तिथल्या तिथे दुरुस्ती केली आणि त्याचे आभार मानले. त्याच्या जागी गप्प बसणारा कोणी असता तर तो रुग्ण कदाचित दोन वर्षांनी पुन्हा आला असता, आणि का आला ते कोणालाच कळलं नसतं.

आणखी एक प्रसंग. तंबाखूमुळे गालाचा कर्करोग झालेले एक काका, एकविसावी लाईट. डोकं हलू नये म्हणून चेहऱ्यावर जाळीचा प्लॅस्टिकचा मास्क घट्ट बसवतात. गरम पाण्यात मऊ करून तो प्रत्येकाच्या चेहऱ्यावर वेगळा बनवलेला असतो. काकांना गिळता येत नव्हतं, वजन सहा किलोने उतरलं होतं. मास्क लावल्यावर गालाशी बोट आत जात होतं. टेक्नॉलॉजिस्ट नोकरीला लागून पाच महिने झालेली मुलगी. बाहेर तीस माणसं, मशीन आधीच उशिरा चाललेलं. तिने काकांना खाली उतरवलं आणि मला ओपीडीतून बोलावलं. "मॅडम, मी लाईट दिली नाही." नवा सीटी केला, नवा मास्क, नवा प्लॅन. चेहरा आत गेल्यामुळे मज्जारज्जू झोताच्या जवळ सरकला होता.

त्या दिवशी मी तिच्यावर वैतागले असते, तर पुढच्या वेळी तिने लाईट दिली असती. चुका आणि होता होता राहिलेल्या चुका यांचं आमचं एक रजिस्टर आहे. त्यात कोणाचं नाव लिहीत नाहीत, फक्त काय झालं ते. ज्या महिन्यात त्यात काहीच नोंद नसते, त्या महिन्यात मला जास्त काळजी वाटते.

किरण विझत जातात

विजेवर चालणारं मशीन बंद केलं की किरण बंद. पण आमच्याकडे इरिडियम-१९२ पण आहे, सतत किरण सोडत राहणारा किरणोत्सारी धातू. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात बाहेरच्या लाईट संपल्या की पोकळ नळ्या आत बसवतात आणि तांदळाच्या दाण्याएवढा इरिडियमचा स्रोत तारेवरून आत जातो, ठरलेल्या जागी ठरलेले सेकंद थांबतो, परत तिजोरीत येतो. याला ब्रॅकीथेरपी म्हणतात. इरिडियमची ताकद ७४ दिवसांत निम्मी होते. नवा असताना ज्या बाईला आठ मिनिटं लागतात, तिलाच तीन महिन्यांनी अठरा. मात्रा तीच, पण तेवढा जास्त वेळ तिला नळ्या घेऊन पडून राहावं लागतं.

म्हणून दर तीन-चार महिन्यांनी नवा स्रोत मागवायचा, आणि जुना पुरवठादाराकडे परत पाठवल्याचा प्रत्येक कागद मंडळाच्या 'ईलोरा' या ऑनलाइन यंत्रणेवर चढवायचा. कोबाल्ट-६० च्या मशीनचंही तसंच. त्याची ताकद सव्वापाच वर्षांत निम्मी होते, महिन्याला साधारण एक टक्का. या कागदांना कंटाळणाऱ्यांना मी दिल्लीच्या मायापुरीची आठवण करून देते. २०१० मध्ये दिल्ली विद्यापीठात वर्षानुवर्षं पडून असलेलं कोबाल्टचं एक उपकरण लिलावात भंगारात गेलं. भंगार बाजारात ते कापलं गेलं, कित्येक जण आजारी पडले, एकाचा जीव गेला. आत काय आहे याचा हिशोब ठेवणारं कोणी उरलं नव्हतं, एवढंच कारण.

कर्मचाऱ्यांच्या छातीवरचा, अंगावर किती किरण पडले ते मोजणारा टीएलडी बॅज दर तीन महिन्यांनी तपासायला जातो. वर्षाला सरासरी २० मिलिसीव्हर्ट ही त्यांची मर्यादा, कोणत्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. नीट चालवलेल्या विभागात आकडे याच्या फार खाली असतात.

पैसा आणि वेळ

प्रशासनाबरोबरच्या बैठकांत डॉक्टरने का बसावं? एक हिशोब देते. स्तनाच्या कर्करोगात शस्त्रक्रियेनंतर पूर्वी २५ लाईट देत. ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासांनी दाखवलं की १५ लाईटमध्ये ४० ग्रे दिले तरी निकाल तितकाच चांगला असतो. २०२० मध्ये तिथूनच आणखी एका अभ्यासाचे निकाल आले, की निवडक रुग्णांत एका आठवड्यात पाच लाईटमध्ये २६ ग्रे पुरतात. समजा वर्षाला अशा शंभर बायका येतात. २५ ऐवजी १५ दिल्या तर मशीनचे एक हजार स्लॉट मोकळे होतात. तेवढ्यात तोंडाच्या कर्करोगाचे तीस रुग्ण पूर्ण उपचार घेऊ शकतात. नवं मशीन न घेता तीस माणसं. शिवाय त्या शंभर बायकांच्या प्रत्येकी दोन आठवड्यांच्या फेऱ्या, मजुरी, लेकरांना शेजारी ठेवणं वाचतं. जिथे बिल लाईटमागे लागतं तिथे उत्पन्न कमी होतं, आणि बैठकीत तोच आकडा आधी दिसतो. दुसरा आकडा टेबलावर ठेवणं हे डॉक्टरचं काम, कारण तो इतर कोणाला दिसतच नाही.

उलट बाजूनेही बोलावं लागतं. रोज झोपवल्यावर चित्र घेऊन मग नेमकी लाईट देणारं तंत्र महाग आहे. ते कशाला, असं विचारलं की मी परळच्या टाटा मेमोरियलचा २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास पुढे ठेवते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार घेतलेल्या ३०० स्त्रिया. तीन वर्षांनी आतड्याचा मध्यम ते गंभीर त्रास जुन्या पद्धतीत ४२.४ टक्के, नव्या पद्धतीत २१.१. रोगावरचं नियंत्रण दोन्हीकडे सारखंच. चाळिशीतली बाई रोज रानात कामाला जाणार की घरापासून दहा पावलांवर राहणार, इतका तो फरक आहे.

देखभालीच्या कराराची रक्कम मात्र कोणालाच आवडत नाही, मशीन बंद पडेपर्यंत.

"म्हणजे कोळपणी अर्धी टाकायची नाही"

त्या मंगळवारी थांबायला सांगितलेल्यांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या एक मावशी होत्या. तिसावा दिवस, २१ लाईट झालेल्या, चार राहिलेल्या, मग आतून चार वेळा. नऊ जणांत मी त्यांना घेतलं नव्हतं, कारण ५६ दिवसांच्या आत त्यांची भरपाई बसत होती. हे कागदावरचं. त्यांनी ऐकलं ते असं, की दोन दिवस मशीन बंद. "मग मी गावाकडं जाऊन येते. पाऊस झालाय, सोयाबीन पेरायचंय. मालक एकटे हायेत."

मला माहीत होतं की अशा गेलेल्या बायका दोन दिवसांत परत येत नाहीत. पेरणी, मग पाहुणे, मग भाड्याचे पैसे, मग 'आता बरं वाटतंय की'. रक्तस्राव थांबलेला असतो, त्यामुळे बरं वाटतंच. अर्ध्यावर उपचार सोडून गेलेल्यांची एक वही आमच्या सोशल वर्करकडे आहे, आणि प्रमुख म्हणून मला त्या वहीतल्या नावांचं दुःख मशीनच्या बिघाडापेक्षा जास्त आहे.

मी त्यांच्या शेजारी बाकड्यावर बसले. सांगितलं, की आत्ता रोग झोपलाय, मेलेला नाही. वरून हरळी दिसत नाही, पण मुळं आहेत. त्या थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे कोळपणी अर्धी टाकायची नाही."

"नाही, मावशी."

सोशल वर्करने त्यांच्या मालकांना फोन लावून दिला. धर्मशाळेतली खोली दोन दिवस वाढवून घेतली, जेवणाचा डबा सुरू ठेवला. हे सगळं उपचारातच धरायला हवं, असं माझं मत आहे. महात्मा फुले योजनेत लाईटचा खर्च निघतो, पण रुग्णाजवळ राहणाऱ्या माणसाच्या बुडालेल्या मजुरीचं काय? रेल्वेच्या सवलतीचा फॉर्म, एसटीच्या सवलतीचा दाखला, आणि मागच्या तारखेचा राहिलेला शिक्का, यासाठी कोणी अडून राहता कामा नये, म्हणून अशा कागदांवर सही करायला मी सकाळी अर्धा तास बाजूला ठेवते.

इंजिनिअर बुधवारी दुपारी पार्ट घेऊन आला. संध्याकाळी सातला मोटर बसली. पण मोटर बसली म्हणजे मशीन तयार झालं असं नाही. प्रत्येक पट्टी सांगितल्या जागी थांबते का, मात्रा बरोबर येते का, एका रुग्णाचा प्लॅन मात्रा मोजणाऱ्या उपकरणावर चालवून तंतोतंत जुळतो का, हे फिजिसिस्टने मोजलं. दहा चाळीसला त्याने सही केली. मी तोवर तिथेच होते, मदत काहीच करत नव्हते. त्याला कोणी घाई करू नये, एवढ्याचसाठी.

मावशींना गुरुवारी बाविसावी, शुक्रवारी सकाळी तेविसावी आणि दुपारी साडेचारला चोविसावी, शनिवारी पंचविसावी मिळाली. ठरलेल्यापेक्षा एक दिवस उशिरा. नंतर आठवड्यातून दोनदा ब्रॅकीथेरपी. इरिडियम जुनं झालं होतं, त्यामुळे दर वेळी अठरा मिनिटं. त्या काळात आमची एक नर्स खिडकीच्या काचेपलीकडून माइकवर त्यांच्याशी बोलत राहायची, पाऊस कसा आहे, सोयाबीन किती वर आलं.

शेवटच्या दिवशी मी फाइलवर तारखेखाली आकडा लिहिला, ४८. मावशींनी विचारलं, "पुढं कधी येऊ?" सहा आठवड्यांनी, म्हटलं. त्यांनी बोटांवर मोजलं आणि म्हणाल्या, "तवा पोळा असंल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी येते."